पहिल्याच वर्षी ग्राफिक्स कार्डची सक्ती कशासाठी?

शेजारच्या काकांनी आज सकाळी मला त्यांच्या मुलाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पालकगटावर आलेला संदेश दाखवला, तेव्हापासून माझा संताप शमलेला नाही. प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरच्या चित्रांचे जड काम करणारा वेगळा भाग) असलेला लॅपटॉप असावा, एवढेच त्यात म्हटले आहे. कोणत्या शाखेसाठी आणि कोणत्या सॉफ्टवेअरसाठी, याचा अवाक्षरानेही उल्लेख नाही. मुलाला सिव्हिलला प्रवेश मिळाला आहे. शुल्क आणि वसतिगृहाची अनामत भरून हात रिकामे झालेले काका आता पतसंस्थेत कर्जाची चौकशी करत आहेत.

सिव्हिलच्या पहिल्या वर्षी मुले गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, आरेखन आणि थोडे प्रोग्रॅमिंग शिकतात. यातल्या कशाला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. ऑटोकॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधली द्विमितीय रेखाटने साध्या लॅपटॉपवर व्यवस्थित होतात आणि विद्यार्थ्यांना ते सॉफ्टवेअर कंपनीकडून शिक्षणासाठी विनामूल्य मिळते.

माझ्या भाचीच्या वेळी हेच झाले होते. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवून भावजींनी तिला गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला. यंत्र अडीच किलोंचे, त्याचा चार्जर विटेएवढा, बॅटरी तीन तासांत मान टाकणारी, आणि वर्गात प्लग फक्त मागच्या भिंतीला. तो लॅपटॉप पुढे वसतिगृहाच्या कपाटात कपड्यांखाली राहू लागला आणि ती प्रयोगशाळेतल्या संगणकावर काम उरकू लागली. घरी मात्र तिने याबद्दल चकार शब्द काढला नाही, कारण बाबांनी पोटाला चिमटा काढून तो घेतला आहे, हे तिला ठाऊक होते. तिने हे मला सांगितले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि मला काय बोलावे ते सुचले नव्हते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या किंवा त्रिमितीय रेंडरिंगच्या, म्हणजे आराखड्याचे हुबेहूब चित्र तयार करण्याच्या कामाला ग्राफिक्स कार्डचा उपयोग होतो, हे मान्य. पण ते काम पहिल्या वर्षी येत नाही, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे सरावापुरते मॉडेल घडवायला गूगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गूगलचे संगणक वापरू देणाऱ्या सेवेवर, विनामूल्य सोय आहे.

ज्या गोष्टी खरोखर पाहायला हव्यात, त्या दुकानात कोणी दाखवत नाही. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती स्मृती, १६ जीबी असावी, निदान ८ जीबी असली तर ती वाढवायला रिकामा स्लॉट असावा. भाचीच्या त्या महागड्या यंत्रात ८ जीबीच होती, सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात गेलेला. एका बाजूला ऑटोकॅड आणि दुसऱ्या बाजूला ब्राउझर उघडला की ते अडखळायचे. स्लॉट होता म्हणून पुढे रॅम वाढवता तरी आली. आज पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते आणि ती नंतर वाढवता येत नाही. साठवणुकीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरे. वजन दीड किलोच्या आसपास असावे, आणि दुरुस्ती केंद्र मूल शिकते त्या गावात असावे. पुण्यामुंबईत असून कराडच्या वसतिगृहातल्या मुलीला त्याचा काय उपयोग?

प्रोसेसरच्या नावांचा घोळ तर अक्षम्य आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू या दोन नावांत एका आकड्याचा फरक दिसतो. पण पहिल्याची रचना २०१९ मध्ये आलेल्या झेन २ पिढीची, दुसऱ्याची त्यानंतरच्या झेन ३ ची, शिवाय पहिल्याबरोबरची रॅम बोर्डावर पक्की केलेलीच असते. गावाकडून आलेल्या बापाने हे कसे ओळखावे? त्याला "सात हजार सिरीज आहे, साहेब" असे सांगितले की तो खिशात हात घालतो.

अ‍ॅपलच्या मॅकबुकबद्दलही विचारणा होते. ते यंत्र उत्तम आहे, बॅटरीला तोड नाही, हेही कबूल. परंतु यंत्रभागांच्या आरेखनाचे सॉलिडवर्क्स हे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालते आणि मॅकबुकची प्रणाली वेगळी असते, तेव्हा मेकॅनिकलच्या मुलांनी तो मोह टाळावा. संगणकशास्त्राच्या मुलांना तो चालेल, पालकांची ऐपत असेल तर.

काकांना मी आज स्पष्ट सांगितले की, कर्ज काढू नका. पहिले सत्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेवर निभावू द्या, वरच्या वर्गातल्या मुलांना ती प्रत्यक्षात काय वापरतात ते विचारा आणि मग हमीसह मिळणारा जुना व्यावसायिक लॅपटॉपही पाहा. फक्त त्यावर विंडोज ११ चालते याची खात्री करून घ्या, कारण विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला.

माझ्या मित्रयादीत अभियांत्रिकीचे अनेक प्राध्यापक आहेत. त्यांना कळकळीची विनंती आहे की, प्रत्येक शाखेला कोणत्या वर्षी कोणते सॉफ्टवेअर लागते आणि त्याला किमान कोणते यंत्र पुरते, याचे एक पान मराठीत तयार करून प्रवेशाच्या कागदांसोबत पालकांच्या हाती द्यावे, आणि प्रयोगशाळा संध्याकाळी उशिरापर्यंत उघड्या ठेवाव्यात.