"योग्य कपडे" नक्की कुणाला माहीत असतात?

नोकरीच्या मुलाखतींमध्ये टेबलाच्या अलीकडे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या बाजूला, मी बरेचदा बसलोय. त्यातला एक मुलगा मनातून जात नाही. अंगात पांढरा शर्ट, इतका कोरा की पाकिटातल्या घड्यांच्या रेघा छातीवर तशाच दिसत होत्या. कोट बहुधा दुसऱ्या कुणाचा असावा. बाह्या पार बोटांपर्यंत येत होत्या आणि बोलता बोलता तो त्या सारख्या मागे सारत होता. उत्तरं चांगली दिली त्याने. तो बाहेर गेल्यावर आमच्यातले एक जण म्हणाले, "पोरगा हुशार आहे, पण क्लायंटसमोर कसा उभा करायचा?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो. त्याला नोकरी मिळाली नाही.

ते गप्प बसणं अजून सलतं, म्हणून लिहितोय.

कपडे बोलतात, हे मला मान्य आहे. समोरच्याने आपल्यासाठी तयारी केली, वेळ काढला, हे त्याच्या कपड्यांतून पोहोचतं. माझा आक्षेप वेगळा आहे. कपड्यांचे नियम आपण लपवून ठेवतो आणि ते ज्याला कुणी सांगितलेच नाहीत त्याचे गुण कापतो.

पूर्वी हा भेद निदान उघड होता. इंग्लंडमध्ये १३६३ साली कायदाच झाला होता. कुठल्या थरातल्या माणसाने किती किमतीपर्यंतचं कापड वापरायचं हे त्यात ठरवून दिलेलं. फ्रान्समध्ये मे १७८९ मध्ये व्हर्सायला एस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जनता या तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा, भरली तेव्हा सरदारांना सोनेरी कलाकुसरीचा पोशाख आणि पिसांची टोपी, तर तिसऱ्या, म्हणजे सामान्यांच्या वर्गाच्या प्रतिनिधींना साधा काळा पोशाख नेमून दिला होता. त्या काळ्या कपड्यांत कितीतरी वकील होते, शिकलेले, जाणते. सभागृहात तोंड उघडण्याआधीच त्यांची पायरी त्यांना दाखवून दिलेली. पुढे क्रांतीच्या सरकारने ऑक्टोबर १७९३ मध्ये हुकूम काढला की कुणीही कुणावर ठरावीक पोशाखाची सक्ती करायची नाही. केवढी मोठी गोष्ट! पण त्याच हुकुमात एक मेख होती: कपडे आपल्या लिंगाला साजेसे हवेत. आणि १८०० साली पॅरिसमध्ये बायकांना पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी काढा, असा आदेश निघाला. तो वापरातून कधीच गेला होता, पण रद्दबातल असल्याचं सरकारने अधिकृतपणे जाहीर केलं ते २०१३ मध्ये.

आता असे कायदे बहुतेक ठिकाणी नाहीत. म्हणून पायऱ्या गेल्या, असं मात्र मी मानत नाही.

२०१२ चं उदाहरण घ्या. फेसबुकचे शेअर बाजारात यायचे होते, आणि मार्क झुकरबर्ग गुंतवणूकदारांना भेटायला हुडी घालून गेला. एका विश्लेषकाने त्यावर अपरिपक्वतेचा शिक्का मारला, थोडी चर्चा झाली, शेअर बाजारात आले, विषय संपला. तीच हुडी घालून एखादी मुलगी पहिल्या नोकरीसाठी गेली असती तर? साधे कपडे घालून मोठ्या खोलीत शिरता येणं ही मिळवलेली सवलत आहे. जो आधीच ओळखीचा आहे त्यालाच ती मिळते. बाकीच्यांना ओळख होईपर्यंत कडक इस्त्रीच लागते.

मार्च २०१९ मध्ये गोल्डमन सॅक्सने पोशाखाचे नियम सैल केले. सूट-टायसाठी ओळखली जाणारी ही बँक, त्यामुळे बातमी सगळीकडे झाली, आणि मलाही बरं वाटलं होतं. पण त्या पत्रकात एक मुद्दा होता: कामाच्या ठिकाणी काय योग्य आणि काय अयोग्य, हे आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. मी तिथे अडकलो. सगळ्यांना म्हणजे कुणाला? ज्याच्या घरात दोन पिढ्या ऑफिसात गेल्या, त्याला माहीत असतं. घरातून ऑफिसात जाणारी जी पहिलीच, तिला कसं माहीत असणार? "सूट घाला" हा नियम महागडा होता, पण वाचता येत होता. "योग्य ते घाला" हा नियम स्वस्त वाटतो आणि ज्याला आतली रीत ठाऊक नाही त्याला बरोबर उघडा पाडतो. जनरल मोटर्सच्या मेरी बारा यांनी दहा पानी नियमावलीच्या जागी दोनच शब्द ठेवले, योग्य पोशाख करा, याचं फार कौतुक होतं. माणसांवर विश्वास टाकणं मला आवडतं. फक्त नव्या माणसाला कुणीतरी शेजारी बसवून त्या दोन शब्दांचा अर्थ सांगितला पाहिजे.

बायकांच्या बाबतीत तर हे ओझं शरीरावरच येतं. लंडनमध्ये २०१५ च्या डिसेंबरात एका स्वागतिकेला सपाट बूट घातले म्हणून पहिल्याच दिवशी घरी पाठवलं. कामावर उंच टाचांची सक्ती बेकायदा ठरवा, या तिच्या अर्जावर दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, तरी सरकारने कायदा बदलला नाही. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावा यांनी उंच टाचांच्या सक्तीविरुद्ध 'कूटू' ही मोहीम उभी केली. जपानीत 'कुत्सु' म्हणजे बूट आणि 'कुत्सू' म्हणजे वेदना, त्यातून हे नाव आलं. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्या बाईच्या टाचेची उंची दुसऱ्या कुणी ठरवायची, यामागे कामाचं कोणतं कारण आहे, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

कारण असेल तर माझी अजिबात तक्रार नाही. इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांमध्ये २००७ साली ठरलं की रुग्णाला तपासताना कोपराखाली काही नको: लांब बाह्या नाहीत, घड्याळ नाही. टाय आणि डॉक्टरांचा तो पांढरा कोटसुद्धा बाजूला ठेवायला सांगितलं, जंतुसंसर्गाच्या काळजीपोटी. ज्या कोटावर या पेशाचा रुबाब उभा होता, तोच काढायला लावला. याला मी नियम म्हणतो. जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' आणलं तेही असंच: उन्हाळ्यात ऑफिसं २८ अंशांवर ठेवा आणि कोट-टाय काढा. किती ऑफिसांत कोटवाल्यांना उकडतं म्हणून एसी वाढवतात आणि बाकीचे कुडकुडत बसतात, ते आठवून बघा.

गणवेशाबद्दलही माझं मत हल्ली बदललंय. तरुणपणी मला तो जाचक वाटायचा. पण स्टीव्ह जॉब्ज सोनीच्या कारखान्यात गेला तेव्हा, सगळे एकसारखे कपडे का घालतात, या त्याच्या प्रश्नावर सोनीचे प्रमुख अकिओ मोरिता यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं: युद्धानंतर लोकांकडे कपडेच नव्हते, म्हणून कंपन्यांना कामगारांना काहीतरी घालायला द्यावं लागलं. म्हणजे त्या गणवेशाच्या मुळाशी गरज होती. मालकाने स्वतःच्या खर्चाने दिलेला, अंगाला नीट बसणारा, वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सारखा गणवेश कोऱ्या शर्टातल्या त्या मुलाला नक्कीच सोयीचा झाला असता. ठरावीक पोशाख हवाच असेल तर तो द्या, किंवा त्याचे पैसे द्या. अमेरिकेत नॅन्सी लुब्लिन यांनी १९९०च्या दशकात 'ड्रेस फॉर सक्सेस' सुरू केली, गरजू बायकांना मुलाखतीसाठी सूट मिळावा म्हणून. काम मोलाचं आहे, पण ते काम एका संस्थेला करावं लागतं याचं मला वाईटही वाटतं.

आम्ही पुढे दोन गोष्टी केल्या. गुणपत्रिकेत 'व्यक्तिमत्त्व' असा एक रकाना होता, ज्यात खरं तर कपड्यांचेच गुण पडायचे. तो काढला. आणि मुलाखतीच्या पत्रात एक ओळ घातली: "घरी असतील ते स्वच्छ कपडे घालून या, कोट किंवा बुटांची गरज नाही." पहिल्यांदा ते पत्र गेलं त्याच दिवशी एका मुलीचा फोन आला. बूट नसले तरी खरंच चालेल का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, चालेल. तिने थँक्यू म्हणून फोन ठेवला. संध्याकाळी तिचा परत फोन आला, तोच प्रश्न विचारायला.