दुधात विष, गेट्सचा डाव वगैरे वगैरे

दोन दिवसांत तीन ग्रुपवर तोच व्हिडिओ. एक गोरा माणूस दुधाची बाटली संडासात ओततोय आणि खाली मराठीत लिहिलंय की इंग्लंडमध्ये गायींना मिथेन (पृथ्वी तापवणारा वायू) थांबवायचं विष चारतात, ते बिल गेट्सचं आहे, दुधात उतरतं, पुरुष नपुंसक होतात, आता नंबर भारताचा. आमच्या मामांनी खाली हात जोडलेत, ज्यांच्या स्वतःच्या गोठ्यात सहा म्हशी आहेत!

गायींच्या खाद्यात घालायच्या या पावडरचं नाव बोव्हेर, कंपनी डीएसएम-फर्मेनिश. नोव्हेंबर 2024 मध्ये आर्ला डेअरीने मॉरिसन्स, टेस्को, आल्डी या सुपरमार्केटना घेऊन तीसेक फार्मवर चाचणी जाहीर केली आणि तिकडे लोक दूध ओतायला लागले, हा व्हिडिओ त्याच गोंधळाचा. गेट्सचा पैसा आहे तो रुमिनएट नावाच्या ऑस्ट्रेलियन कंपनीत. कंपनी वेगळी, माल वेगळा, विषय संपला.

नपुंसकतेच्या अफवेमागचं मूळ मात्र खरं आहे, म्हणून तर ते पसरतं. पावडरमधल्या शुद्ध रसायनाच्या सुरक्षा कागदावर पुरुषांच्या प्रजननक्षमतेबद्दल इशारा आहे, तो कारखान्यात किंवा फार्मवर पोती हाताळणाऱ्यांसाठी, की मास्क घाला, ग्लोव्हज घाला. अहो, आपल्या जनावरांच्या मिनरल मिक्श्चरमध्ये मोरचूद असतोच की, नुसता खाल्ला तर ओकाऱ्या होतील, म्हणून कुणी दूध ओतून देतं का? इथे हे रसायन किलोभर कोरड्या चाऱ्यामागे साधारण 60 ते 80 मिलीग्रॅम, म्हणजे 20 किलो खाणाऱ्या गायीला दिवसाला दीडेक ग्रॅम. ते पोटातच फुटतं आणि दुधाला धोका नाही असं युरोप, ब्रिटन, अमेरिका तिघांनी तपासून मग परवानगी दिली.

"गायी हजारो वर्षं आहेत, तेव्हा पृथ्वी का नाही तापली?" हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. रवंथ करणाऱ्या म्हशीपाशी जरा बसा, मानेतून गोळा वर सरकताना दिसतो, मध्येच आंबूस ढेकर येते, मिथेन आहे ते मुख्यतः त्या ढेकरेत, मागून नाही (जोक करणाऱ्यांनी नोंद घ्यावी). पोटातले सूक्ष्मजीव चारा कुजवताना हायड्रोजन सुटतो, त्याचं काही जंतू मिथेन करतात, आणि बोव्हेर त्या जंतूंचं शेवटचं एन्झाइम अडवतं, दुभत्या गायीत साधारण 30 टक्के घट. आणि तेव्हा एवढी जनावरं होती कुठे? 2019 च्या पशुगणनेत एकट्या भारतात गायी-म्हशी मिळून 30 कोटींच्या वर निघाल्या.

आता फॉरवर्डवाल्यांना सापडलंच नाही ते सांगतो. डेन्मार्कने 2025 पासून 50 च्या वर गायी असलेल्या फार्मना, ऑरगॅनिक सोडून, बोव्हेर द्या नाहीतर खाद्यात फॅट वाढवा असा नियम केला आणि शरद ऋतूत शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या, गायी खात नाहीत, दूध घटलं, काही आजारी पडल्या. आजारी जनावराला पावडर बंद करायची मोकळीक तिथे दिली गेली. ही तक्रार मी उडवून लावणार नाही, कारण ती गोठ्यातून आलीये.

"भारताचा नंबर" म्हणाल तर बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने हरितधारा म्हणून टॅनिनवाल्या (तुरट द्रव्य असलेल्या) वनस्पतींचं खाद्य केलंय, संस्था 17 ते 20 टक्के घट सांगते, त्यात गेट्स कुठून आणणार? आणि बोव्हेर काही तासांतच फुटतं, म्हणून ते प्रत्येक घासात हवं, तिकडे सगळा चारा मशीनमध्ये एकत्र कालवून दिवसभर गव्हाणीत असतो. मामांच्या म्हशींना सरकी पेंड मिळते दोन वेळा, धारेच्या वेळी, बाकी दिवसभर कडब्याची कुट्टी नाहीतर बांधावरचं गवत, मग ही पावडर घालायची कशात? आणि घातली तरी संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफच (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) बघतात, ढेकर कमी दिली म्हणून लिटरला दहा पैसे जास्त कुणी देत नाही.