माहीत नाही म्हणतोय ना पोरगा, मग म्हणू द्या

आज संध्याकाळी ठाणे स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभी होते. पावसामुळे रांग सॅटिसच्या पुलाखाली पार लांबपर्यंत गेलेली. पुढे क्लासच्या सॅक लावलेली चार-पाच पोरं. त्यातल्या एकाचं चालणं, हात हलवून बोलणं बाकीच्यांना खुपत होतं. एक जण त्याच्या मागे कंबर हलवत चालून दाखवत होता, दुसरा टाळ्या वाजवून "काय गं, चाललीस कुठे" म्हणत होता. तो पोरगा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. मोबाइलची स्क्रीन बंद होती, मला दिसत होतं. आणि रांगेतली मोठी माणसं? हसत होती! मी त्या दोघांना झापलं, तर मागचे एक गृहस्थ मलाच म्हणतात, "अहो मॅडम, पोरं आहेत, चालायचंच."

नाही चालायचं. घरी येऊन चहा झाला तरी डोकं शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

माझा भाचा ऐरोलीला राहतो. त्याला विचारूनच लिहितेय, नाव मात्र लिहिणार नाही. तो नववीत असताना त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची. ताई ओरडायची, पाणी पीत नाहीस, मुतखडा होईल. पुष्कळ दिवसांनी कळलं की पाणी प्यायलं की टॉयलेटला जावं लागतं, म्हणून तो पीतच नव्हता. टॉयलेटमध्ये त्याला बायकी म्हणून चिडवणारी पोरं असायची. बाहेरून दार धरून ठेवायची, "लेडीज पलीकडे" म्हणून ओरडायची, वरून पाणी ओतायची. सकाळी सातला घरातून निघालेलं लेकरू दुपारी घरी येईपर्यंत लघवी दाबून बसायचं. "चालायचंच" म्हणणाऱ्यांनी एक दिवस करून बघा.

ताई शाळेत गेली तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, "त्यालाही जरा बदलायला सांगा ना, मैदानी खेळ खेळू दे." म्हणजे त्रास सोसणाऱ्यानेच बदलायचं! एका वर्गात इतकी मुलं, बाई तरी कुठे कुठे बघणार, मान्य. पण ज्यांनी दार धरलं त्यांच्या आईबापांना एक फोन करता येत नव्हता? भाऊजींनी त्याला जिम लावली. काळजीपोटीच लावली, तेही मान्य. पोरगा जिममधून आणखी गप्प होऊन यायला लागला.

मग कुणीतरी एक समुपदेशक सुचवले. ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "वेळेवर आणलंत, सुधारेल." अरे, काय सुधारेल? जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. आपल्याच मानसोपचारतज्ज्ञांच्या इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये जाहीर सांगितलं की हा आजार नाही. मद्रास हायकोर्टाने दट्ट्या लावल्यावर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे 'बदलण्याचे' उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. आणि इथे लोक फी घेऊन सुधारायला बसलेत. ताई तिथून पोराचा हात धरून उठून आली. माझी ताई बारावी शिकलेली आहे, तिने यातलं काहीही वाचलेलं नव्हतं. तिला एवढंच दिसलं की हा माणूस माझ्या पोराकडे न बघता माझ्याशीच बोलतोय.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. दहावीच्या परीक्षेनंतर तो आमच्याकडे राहायला आला होता. एका संध्याकाळी उपवनला तलावाच्या काठी बसलो असताना कणीस खाता खाता म्हणाला, "मावशी, मला मुली आवडतात की मुलगे, मला खरंच नक्की कळत नाहीये. वर्गातली एक मुलगी आवडायची. बाकावर शेजारी बसायचा तो मुलगाही आवडायचा. मग ती पोरं म्हणायची ते खरं होतं का?"

मला रडूच आलं. या लेकराला स्वतःबद्दल निवांत विचार करायची पहिली संधी मिळायच्या आधीच त्या टॉयलेटमधल्या पोरांनी उत्तर ठरवून टाकलं होतं. नववी-दहावीची दोन वर्षं ते उत्तर खोटं ठरवण्यात गेली. मग स्वतःला काय वाटतं ते बघायचं कधी? मी त्याला म्हटलं, त्यांना काही माहीत नव्हतं. तुलाच अजून माहीत नाही, तर त्यांना कुठून असणार?

आणि इथे मला आपल्या माणसांवरही रागवायचंय. हो, तुमच्यावरच. दर जूनला प्राइड महिना, म्हणजे समलैंगिकांच्या अभिमानाचा महिना म्हणून सप्तरंगी डीपी लावणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींनी हे ऐकून पहिला प्रश्न काय विचारला? "मग नक्की काय, गे की बायसेक्शुअल, म्हणजे दोन्ही आवडणारा?" अगं, तुम्हालाही फॉर्म भरूनच हवाय का? मुली आवडणाऱ्या मुलाला सोळाव्या वर्षी कुणी विचारतं, तुझं नक्की ना? किन्सी नावाच्या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने १९४८ मध्येच माणसांच्या लैंगिक कलाची शून्य ते सहा अशी पट्टी मांडली होती: शून्य म्हणजे फक्त भिन्नलिंगी ओढ, सहा म्हणजे फक्त समलिंगी. मधले पाच आकडे काय शोभेला होते? काहींचं पुढे बदलतंही, खरं आहे. बदलू दे की! तोवर त्याने श्वास रोखून बसायचं का?

सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध बाहेर काढले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. कुटुंबीयांचीही! ताईला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता भाचा कॉलेजला जातो. मध्यंतरी कॅन्टीनमध्ये एकाने तोंडावर विचारलं, "तू गे आहेस का?" हा म्हणाला, "माहीत नाही रे. आणि कळलं तरी तुला सांगेनच असं नाही." आणि वडापाव खात बसला. मला फोनवर हे सांगताना हसत होता. दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नावर तो दप्तर उचलून पळाला असता. अजून घरातून निघताना दोनदा टॉयलेटला जाऊन येतो, ती सवय काही सुटलेली नाही. पण बाटली हल्ली रिकामी येते.

कमेंटमध्ये संस्कार शिकवायला येणार असाल तर येऊ नका, आज माझ्यात तेवढा धीर नाही. ज्यांच्या घरात असं गप्प झालेलं पोर आहे त्यांनी मला खुशाल इनबॉक्समध्ये लिहा. रात्री-अपरात्री कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि शाळेत जाणारी मुलं असलेल्या सगळ्यांसाठी: ताईने हेलपाटे घातल्यावर शेवटी मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीत मुलांच्या टॉयलेटबाहेर शिपाईमामांना उभं केलं. बस, एवढंच केलं. दार धरणं बंद झालं. पुढच्या पालकसभेत टक्क्यांचं विचारून झालं की हेही विचारा, मधल्या सुट्टीत तिथे कोण उभं असतं?