भिंत तयार ठेवा

"टाइल लावायचं काय ओ सर, दोन दिवसांचं काम. तुम्ही फक्त भिंत तयार ठेवा," असं म्हणून मिस्त्रींनी चहाचा कप खाली ठेवला आणि गाडीला किक मारली.

'भिंत तयार ठेवा' हे मी 'सुटे पैसे तयार ठेवा' इतक्या सहजपणे ऐकलं. मे महिन्याची सुट्टी, शाळा बंद, त्यात फोडायची मजुरी वाचणार. ओट्यामागच्या त्या पांढऱ्या सहा इंची टाइल बाबांनी लावलेल्या. तीस वर्षांच्या फोडण्या अंगावर घेऊन त्यांचा रंग आता चहासारखा झाला होता.

तयारी मात्र मी शिस्तीत केली. सिलिंडर गॅलरीत नेला. मिक्सरचं बटण त्याच भिंतीवर, म्हणून मेन स्विच बंद केला. सिंकच्या भोकात चिंधी कोंबली, ओट्यावर पोती अंथरली आणि फ्रिजवर जुनी सोलापुरी चादर टाकली. मेन स्विच बंद म्हणजे पंखाही बंद, हे पाच मिनिटांनी ध्यानात आलं. बाहेर बेचाळीस डिग्री. फ्रिज चादर पांघरून निवांत उभा आणि मी बनियनवर, डोळ्यांवर गॉगल, डोक्याला टॉवेल.

टाइल म्हणे वाजवून बघायची. डबडब वाजली तर आतून पोकळ, लगेच निघते. टकटक वाजली तर घट्ट. छिन्नी तिरकी धरून कडेकडून ठोकत जायचं असतं, हे मला नंतर कळलं. मी छिन्नी सरळ, मधोमध ठेवली आणि शाळेच्या घंटेवर मारतात तसा टोला हाणला. टाइलीचा टवकाही उडाला नाही. तिसऱ्या टोल्याला ती निघाली, पण एकटी नाही. परातीएवढं प्लास्टर आणि अर्धी वीट सोबत घेऊन.

विटेची लाल भुकटी घरभर पसरली. आईनं आदल्याच दिवशी शेंगाचटणी कुटून बरणी भरली होती आणि झाकण लावायचं राहिलं होतं. सोलापूरच्या माणसावर यापेक्षा वाईट वेळ येत नाही. चटणी आणि वीट, दोन्हींचा रंग एकच. आईनं चिमूटभर जिभेवर ठेवली, दाताखाली कचकच झालं, आणि तिनं बरणी माझ्यासमोर आणून ठेवली. बोलली काहीच नाही.

दोन दिवसांनी भिंत उघडी पडली. उरलेला जुना माल खरवडला, गॅसच्या वरचा तेलकट पट्टा धुण्याच्या सोड्यानं घासला. तेलावर सिमेंट धरत नाही. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला आडवी लावली आणि एक डोळा मिटला. पट्टी मधे टेकलेली, दोन्ही टोकांना बोट जाईल एवढी फट.

"भिंतीला पोट आलंय."

"चिकटवायच्या मालात नाही का झाकणार?"

"तो थर तीन ते सहा मिलिमीटरचा असतोय सर. त्यात पोट कुठं झाकतंय?" हे म्हणताना ते भिंतीकडं बघत नव्हते.

मग पोट छिन्नीनं उतरवलं, खड्डे एकास चार मालानं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) भरले, वर करणीनं तिरप्या रेघोट्या ओढल्या. जाताना मिस्त्री दारातून म्हणाले, "सात दिवस पाणी मारा. दिवसातनं तीनदा. ऊन लई आहे, चारदा मारलं तर बरंच."

चारदा! शंभरेक किलोमीटरवरच्या उजनी धरणातून आमच्याकडं पाणी येणार चार-पाच दिवसांनी, तेही त्याच्या मर्जीच्या वेळेला. सोलापूरकराला मुलांचे वाढदिवस आठवणार नाहीत, पण नळ कधी येणार ते पाठ असतं. आमच्या घरात पाण्याचा हिशेब आईकडं. तिनं फर्मान काढलं: भिंतीला रोज दोन बादल्या, मला अंघोळीला एक. बायकोनं भाज्या धुतलेलं पाणी साठवलं. ते मी देवाला अर्घ्य द्यावं तसं तांब्यानं भिंतीवर शिंपडायचो. भिंत ते गटागट प्यायची आणि दहा मिनिटांत परत कोरडी. शेजारचे काका गॅलरीतून विचारायचे, "काय करायलालाव सर?" भिंतीला पाणी पाजतोय, असं सांगितल्यावर ते घरात गेले आणि काकूंना घेऊन आले.

पाचव्या रात्री अडीच वाजता नळ आला. अख्खी गल्ली पिंप भरत होती आणि मी अंधारात, चड्डी-बनियनवर, स्वयंपाकघराला पाइपनं आंघोळ घालत होतो.

आठव्या दिवशी मिस्त्री आले. पट्टी लावली, एक डोळा मिटला, तळवा फिरवला. "झ्याक झाली सर. उद्या टाइल सुरू."

मी खुर्चीत बसलो. जाता जाता त्यांनी खिडकीकडच्या भिंतीवरच्या टाइलवर सहज बोटाची पेरं आपटली.

डबडब.

आईनं नव्या चटणीची बरणी उचलली आणि हॉलमधल्या कपाटात नेऊन ठेवली.