लॅबमध्ये तुम्ही विद्यार्थी म्हणूनच जाताय

परवा तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, चार क्रेडिटसाठी युनिव्हर्सिटीतल्या लॅबमध्ये जायचंय. पण आपल्यासारख्यांना कोण घेणार? मी सांगतील ते करीन. भांडीसुद्धा घासीन, पण घ्या म्हणा."

तिला बसवलं, पाणी दिलं. खरं तर मलाच एक मिनिट हवं होतं. 2009 च्या उन्हाळ्यात मी अगदी हेच वाक्य एका सरांना बोलले होते. त्यांनी मला घेतलं आणि दोन महिने मी खरोखरच भांडी घासली. पेट्री प्लेट, टेस्ट ट्यूब, फ्लास्क. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. त्या प्लेटमध्ये काय वाढवतायत, कशासाठी वाढवतायत, हे कुणी सांगितलं नाही आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. कारण मी उपकारावर आले होते ना! जाताना छान छापलेलं सर्टिफिकेट मिळालं. पुढे एमएस्सीच्या मुलाखतीत विचारलं, "तिथे संशोधनाचा प्रश्न काय होता?" मी गप्प. दोन महिने जिथे घालवले तिथला प्रश्नच मला माहीत नव्हता.

म्हणून हे लिहितेय. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आपल्याकडे बीएस्सीच्या मुलांना संशोधनाचं काम क्रेडिटमध्ये धरून मिळायला लागलंय. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, आराखड्यात अशा कामाचं एक क्रेडिट म्हणजे 30 तास. चार क्रेडिट म्हणजे 120 तास. चौथ्या वर्षाला 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के हवेत, आणि तिथे प्रबंधालाच 12 क्रेडिट आहेत. हे आकडे सगळ्यांना पाठ झालेत. त्यांचा अर्थ मात्र फार थोड्यांनी मनावर घेतलाय असं मला वाटतं.

क्रेडिट म्हणजे पगार नाही आणि बक्षीसही नाही. ज्या कामाला क्रेडिट आहे तो तुमचा अभ्यासक्रम आहे. तुम्ही त्याची फी भरलीय. गणिताच्या तासाला जसं "सर, कृपा करून शिकवा" म्हणत नाही, तसंच इथेही. लॅबमध्ये तुम्ही बिनपगारी मदतनीस म्हणून जात नाही, विद्यार्थी म्हणून जाता. तुम्हाला शिकवलं जाणं हा तुमचा हक्क आहे.

अमेरिकेत एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी 1969 साली पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या संशोधनात घ्यायचा कार्यक्रम सुरू केला. तो आजही चालू आहे. तिथे मुलं हे काम पैसे घेऊन करू शकतात किंवा क्रेडिटसाठी करू शकतात, पण एकाच कामाचे पैसे आणि क्रेडिट दोन्ही मिळत नाहीत. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे पैसे बहुधा नसतातच. मग निदान क्रेडिटची बाजू तरी खरी असायला हवी.

आता भांड्यांबद्दल. काही जण म्हणतील, लॅबमध्ये भांडी सगळेच धुतात. धुतातच. मीही आजसुद्धा धुते. दुसऱ्या वेळी मी एका वेगळ्या विभागात गेले, तिथेही पहिल्या दिवशी हातात ब्रशच आला. पण पीएचडी करणारी ताई शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आपण मातीतलं फॉस्फेट मोजतो. साबणाच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं. ते काचेला चिकटून राहिलं तर आपण माती मोजणार की साबण?" मग तिने सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने, नंतर डिस्टिल्ड वॉटरने खळबळून घ्यायला शिकवलं. काम तेच. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा प्रयोग करत होते.

त्याच ताईने एक आख्खी दुपार मला मायक्रोपिपेटने, म्हणजे थेंबाहूनही कमी द्रव मोजून उचलणाऱ्या नळीने, नुसतं पाणी वजनकाट्यावर टाकायला लावलं. 100 मायक्रोलिटर पाणी म्हणजे 0.1 ग्रॅम भरलं पाहिजे. माझं कधी 0.092, कधी 0.107. हात स्थिर होईपर्यंत नमुन्यांना हात लावायचा नाही. तेव्हा रडू आलं होतं. आज माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी हेच करायला लावते.

आमचा प्रश्न साधा होता. उसाच्या शेतातल्या मातीत फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू किती आणि बांधावरच्या मातीत किती. हे जिवाणू ज्यावर वाढवतात ते पिकोव्हस्काया नावाचं माध्यम दुधासारखं पांढरं दिसतं, कारण त्यात न विरघळलेलं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं. जिवाणू आम्ल सोडतो, ते फॉस्फेट विरघळतं आणि वसाहतीभोवती पारदर्शक कडं पडतं. ते कडं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी प्लेट हातात धरून खिडकीपाशी किती वेळ उभी होते, आठवत नाही. मग दोन-तीनदा सबकल्चर केल्यावर, म्हणजे नव्या प्लेटवर घेऊन पुन्हा वाढवल्यावर, माझ्या सगळ्यात चांगल्या जिवाणूचं कडंच पडेना. मला वाटलं, सगळं वाया गेलं. ताई म्हणाली, "वहीत लिही. तारखेसकट. काही जिवाणूंची ही क्षमता पुन्हा पुन्हा वाढवल्यावर कमी होते, हे माहीत आहे. तुझ्याकडे ती कधी गेली ते लिही." न झालेला प्रयोगही वहीत येतो, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं.

यावरून एक गोष्ट कॉलेजांनी ऐकावी अशी आहे. 120 तास मे महिन्याच्या तीन आठवड्यांत उरकून टाकायची घाई करू नका. हे कडं नीट दिसायला पाच-सात दिवस लागतात. तीन आठवड्यांत प्रयोग जेमतेम तीनदा होईल, आणि पहिल्या वेळी बुरशीच येणार. तेच तास आठवड्याला आठ असे पंधरा आठवडे वाटले तर चूक करायला, ती शोधायला आणि पुन्हा करायला वेळ मिळतो. प्लेट आपल्या टाइमटेबलप्रमाणे वाढत नाही.

आणि ती ताई. तिची फेलोशिप महिनोन्महिने यायची नाही, स्वतःचं काम मागे पडायचं, तरी ती माझ्याजवळ बसायची. विद्यार्थ्याला चार क्रेडिट मिळतात, प्राध्यापकांच्या नावावर मार्गदर्शन लागतं. तिचे तास कुठे नोंदवायचे? या पद्धतीतला हा सगळ्यात मोठा अन्याय मला वाटतो. माझं म्हणणं आहे की विद्यार्थ्याच्या लॉगबुकवर, म्हणजे तासांच्या नोंदवहीवर, प्रत्यक्ष शिकवणाऱ्याचं नाव आणि सही असलीच पाहिजे.

तर त्या मुलीला मी काय सांगितलं? पन्नास जणांना एकच ईमेल पाठवू नकोस. तीन लॅब निवड, त्यांचा अलीकडचा एकेक पेपर वाच. सगळा कळणार नाही, पण जे कळलं त्यावर दोन ओळी लिही. कुठले वार, किती तास आणि परीक्षा कधी, हे आधीच कळव. बोलावलं तर नम्रपणे पण नक्की विचार की माझ्या वाट्याचा प्रश्न कोणता, मला शिकवायला कोण असेल, आठवड्याच्या लॅब मीटिंगला बसता येईल का, आणि शेवटी मूल्यमापन कशावरून करणार. या प्रश्नांनी एखाद्याला राग आला तर ती लॅब सोडून दे. सर्टिफिकेट हातात ठेवून "तास आम्ही भरून देऊ" म्हणणाऱ्यांकडे तर फिरकूही नकोस.

तिने सगळं लिहून घेतलं. ईमेलमध्ये आम्ही दोघींनी मिळून पाच वेळा खाडाखोड केली. 'कृपया संधी द्यावी' तीनदा आलं होतं, ते एकदाच ठेवलं. मग जाता जाता तिने घाबरत विचारलं, "मॅडम, माझ्या गावाला शेवटची एसटी साडेसहाला असते. हे लिहू का? की नको, नाही म्हणतील?"

लिही म्हटलं. पहिल्याच परिच्छेदात लिही.