‘मशीन मधेच बंद पडत होतं’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. पन्नास मिनिटं ताटकळत बसवलं, मशीन सारखं बंद पडत होतं, सहायक तोडून बोलली आणि अ‍ॅक्युपंक्चरच्या, म्हणजे सुया टोचून करायच्या उपचाराच्या, पाच सिटिंग होऊनही पोट होतं तिथंच. दोन तारे. थांबावं लागलं त्याबद्दल मनापासून माफी मागते. त्या दिवशी आमच्या वेळा कोलमडल्या होत्या, त्यात तुमचा काहीच दोष नाही. पोटाला आराम पडला नाही याचंही वाईट वाटतंच.

पण सुयांना हलका करंट देणाऱ्या त्या मशीनचं तेवढं सांगू द्या. कारण ते वाक्य वाचून कालपासून दोघांनी ‘मशीन दुरुस्त झालं का’ असं फोन करून विचारलं, आणि ते बिघडलेलंच नव्हतं.

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला जी सुई होती, तो पोटाच्या तक्रारींसाठी सर्वांत जास्त वापरला जाणारा बिंदू. चिनी नाव त्सूसानली. त्या सुईला आणि त्याच पायावरच्या खालच्या सुईला मिळून एक वायरची जोडी लावली होती. करंट छातीतून जाऊ नये म्हणून जोडी एकाच पायावर ठेवतात. मशीन लावलं होतं आलटून-पालटून चालणाऱ्या पद्धतीवर: काही सेकंद २ हर्ट्झ, मग काही सेकंद १०० हर्ट्झ. २ हर्ट्झला सेकंदाला दोन ठोके पडतात, स्नायू टिकटिक उडतो, पाऊल हललेलं डोळ्यांना दिसतं. १०० हर्ट्झला ठोके इतके जवळजवळ येतात की उडणं थांबतं आणि नुसती बारीक झिणझिण राहते. पाऊल हलायचं थांबलं की तुम्हाला वाटलं, मशीन गेलं. ते तेव्हाही चालूच होतं. एकाच लयीत करंट दिला की शरीराला त्याची सवय होते आणि तो जाणवेनासा होतो, म्हणून तर हा बदल ठेवावा लागतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं असं मला आठवतंय. कदाचित घाईत सांगितलं असेल, ते माझ्याकडे लागलं.

आता लिहावं की नाही असं वाटतंय, पण तुम्ही सहायकाचा उल्लेख केलाच आहे. तिसऱ्या सिटिंगला ती पडद्यापलीकडे दुसऱ्या पेशंटकडे गेली तेव्हा तुम्ही हात लांबवून नॉब स्वतः फिरवलात. पायाला झटका बसला, तुम्ही ओरडलात, ती धावत आली आणि तिने करंट शून्यावर आणला. ‘हात लावू नका’ असं ती म्हणाली, आवाज चढला असेल. स्नायू एकदम आखडला तर आतली सुई वाकू शकते, दुखापत होऊ शकते. सुई पाव मिलिमीटर जाडीची असते हो. मग शून्यापासून पुन्हा हळूहळू वाढवावं लागलं आणि तुमची दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटंही अभिप्रायात ‘मशीन बंद’ म्हणून आली आहेत. जास्त करंट म्हणजे जास्त गुण, असं या उपचारात नसतं. सहन होईल, दुखणार नाही, इतकाच द्यायचा.

पाच सिटिंगचं म्हणाल, तर आठ वर्षांचं अपचन असं तुम्हीच लिहिलंय. २०२० साली चीनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जेवणानंतर पोट जड होणं, दोन घासांत पोट भरणं अशा तक्रारींचे २७८ पेशंट होते, आणि त्यांना ४ आठवड्यांत १२ सिटिंग दिल्या होत्या. खऱ्या सुयांच्या गटात ८३ टक्क्यांना बरं वाटलं, खोट्या सुयांच्या, म्हणजे तुलनेसाठी नुसत्या नावापुरत्या लावलेल्या सुयांच्या, गटात सुमारे ५२ टक्क्यांना. तिथे सुया हाताने दिल्या होत्या, वीज नव्हती, हेही सांगून टाकते. आणि खोट्या सुयांनीही निम्म्यांना बरं वाटलं, ते मी लपवत नाही. म्हणून पहिल्या दिवशी ‘नक्की बरं करते’ असं मी म्हटलं नव्हतं, ‘महिनाभर नेमाने या’ म्हटलं होतं. तुमच्या पाच सिटिंग सात आठवड्यांत झाल्या. मधल्या गैरहजेरीचं कारण मी विचारणार नाही.

‘एंडोस्कोपीचा रिपोर्ट उगाच मागितला’ असंही लिहिलंय. वजन उतरत असेल, गिळताना त्रास होत असेल, शौचाला काळं होत असेल, तर सुई लावण्याआधी डॉक्टरांनी पोट बघायला हवं. पेसमेकर आहे का, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, हेही तुमच्या सुरक्षिततेसाठीच विचारते. हे प्रश्न मी कुणालाच सोडत नाही. तुमच्या रिपोर्टात काय होतं ते इथे चारचौघांत लिहिणार नाही, निर्धास्त असा.

आम्ही इथे दोघीच आहोत, मी आणि ती. कालपासून ती गप्प गप्प आहे. तुमचा अभिप्राय तिनेच मला वाचून दाखवला होता.

वेळांचं काय करता येतं ते बघतेय, दोन पेशंटमधलं अंतर बहुधा वाढवावं लागेल. टेबलापाशी घंटी लावायची कधीपासून चाललंय, ती या आठवड्यात लावून घेते, म्हणजे कुणाला एकटं टाकल्यासारखं वाटणार नाही. तुमची सहावी सिटिंग अजून बाकी आहे. यायचं असेल तर आधी फोन करा, भरल्या पोटी येऊ नका. आणि काही कमी-जास्त वाटलं तर घंटी वाजवा, नॉब आम्हीच फिरवू.