नुसतं नाव काढून भागत नाही
ग्राहकाचं नाव वगळलं की विजेच्या स्मार्ट मीटरच्या नोंदी त्रयस्थ कंपन्यांना द्यायला हरकत नाही, हा लेखातला मुद्दा पटत नाही. दर 15 मिनिटांच्या वीजवापराची नोंद म्हणजे दिवसाला 96 आकडे. 2 किलोवॅटचा गीझर पाव तास चालला की त्या एका नोंदीत अर्धं युनिट वाढलेलं दिसतं. त्यावरून घर कधी उठतं ते कळतं, आणि आठवडाभर ही वाढ दिसली नाही तर घर बंद असल्याचा अंदाजही बांधता येतो. दिवसाच्या वेळेनुसार विजेचे दर वेगळे असले तरी बिलाला त्या प्रत्येक वेळेच्या टप्प्याची महिन्याची बेरीज पुरते. सविस्तर नोंदी हव्याच असतील तर कारण आणि मुदत लिहून वेगळी संमती घ्यावी. ती मागे घेतल्यावर आधी दिलेल्या नोंदीही पुसल्या गेल्या पाहिजेत. या विषयावर सूचना पाठवणाऱ्या वाचकांनी ही अट जरूर लिहावी.